डोळ्यांत जाणारी चिलटं आणि मातीत टाकायचं औषध

खजूरवाडी | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

इथे शेतीवाले बरेच आहेत म्हणून विचारते. दीड वर्षापूर्वी आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोचेला व्हॅलीत राहायला आलो, इंडिओच्या पूर्वेला. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे खजुराची बाग, तिच्या पलीकडे भाजीपाल्याचं रान. पहिल्यांदा वाटलं, काय नशीब, वाळवंटात हिरवळ! आता एप्रिल लागला की दार उघडायची चोरी.

चिलटं. चावत नाहीत, गुणगुणत नाहीत, नुसती डोळ्यांत जातात. अगदी कोपऱ्यात, पाणी असतं तिथेच. हाकललं की लगेच परत त्याच जागी. नाकात, कानात, गुडघा खरचटला असेल तर त्या जखमेवर. माझी पाच वर्षांची लेक अंगणात खेळताना एक हात सतत तोंडापुढे पंख्यासारखा हलवत असते. तिच्या शाळेतली सगळीच मुलं असं करतात, इथल्या लोकांना त्याचं काही वाटतही नाही. मार्चमध्ये तिचे डोळे आले, मग शेजारच्या दोन मुलांचे. डॉक्टर म्हणाले, चिलटांमुळेही पसरू शकतं.

प्रश्न साधा आहे. ही चिलटं म्हणे शेतातल्या मातीतून निघतात. मग मातीतच औषध का टाकत नाहीत? निफाडला आमचे बाबा भुईमूग पेरायच्या आधी हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठी, बीएचसी पावडर फोकायचे, विषय संपायचा. अमेरिकेत औषधांचा दुष्काळ आहे का?

चकली_चहा | १२ एप्रिल, सकाळी १०:०५

वाटीत सफरचंदाचं व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. रात्रभर ठेव. सकाळी सगळी तळाशी.

खजूरवाडी | १२ एप्रिल, सकाळी १०:३०

केलं गं. तीन वाट्या, तीन दिवस. एक मुंगी आणि एक पतंग. चिलटं वाटीवरून उडून माझ्या डोळ्यांत आली.

कुंडीतला_कवी | १२ एप्रिल, दुपारी १२:१५

माझ्या कुंड्यांत झाली होती. पाणी कमी केलं, वरचा इंचभर थर सुकू दिला, गेली. पाणी जास्त झालं की होतात. शेजाऱ्याला सांगा, खजुराला पाणी कमी द्या :)

निवृत्त_किडेवाला | १२ एप्रिल, रात्री ९:५०

तिघे तीन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलताय. व्हिनेगरवर येतात ती फळांवरची, आंबलेल्याचा वास लागतो त्यांना. कुंडीतली बुरशीवर जगतात. ताई म्हणतात ती तिसरीच, लिओहिपेलेट्स. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, काळपट, चमकदार. त्यातल्या माद्या डोळ्यांवर येतात, कारण अंडी पोसायला त्यांना प्रथिनं लागतात आणि ती डोळ्याच्या पाण्यात, नाकाच्या शेंबडात, जखमेच्या लसीत मिळतात. म्हणून व्हिनेगरच्या वाटीत त्यांना रस नाही. सडक्या अंड्याचं पाणी ठेवा, रांग लागेल. (घरापासून लांब ठेवा. नवरा घर सोडून जाईल.)

तोंडाला सुई नाही, म्हणून चावत नाहीत. पण सोंडेच्या टोकाला बारीक काटे असतात, खरवडल्यासारखं करून खातात. एकाच्या आलेल्या डोळ्यावरून उठून दुसऱ्याच्या चांगल्या डोळ्यावर बसलं की पुढचं सांगायला नको.

आपल्याकडे यांची चुलत भावंडं आहेत, सिफुन्क्युलिना. गोठ्यात लोंबकळणारी दोरी किंवा जुन्या घरातली बल्बची वायर संध्याकाळी काळी दिसते, जवळ गेलं की काळे मणी उडतात, आठवतं का? तीच. त्यांचं शास्त्रीय नावच 'दोरीवर राहणारी' असं आहे.

आता औषधाचं. ताई, तुम्ही जिथे राहता तिथेच हा प्रयोग झालाय, आणि असा झालाय की आम्हाला तो शिकवला जायचा. उद्या सवडीने लिहितो. मोबाइलवर टाइप करून बोटं दुखली.

खजूरवाडी | १२ एप्रिल, रात्री १०:०२

काका, दोरीवरची चिलटं! आजोळच्या गोठ्यात होती. आम्ही काठीने दोरी हलवून पळायचो.

ऊसवाला_वाळवा | १३ एप्रिल, सकाळी ६:२०

ताई, बाबांच्या बीएचसीनं विषय संपायचा म्हणता, पर खरंच संपत हुता का? आमच्या आज्ज्यानं बी तीच टाकली, बापानं फोरेट टाकलं, मी फिप्रोनीलचं दाणं टाकतूय. हुमणी हाय तिथंच हाय. तीन पिढ्या आमच्या बदलल्या, तिची पिढी दरसाल बदलती. औषध बदलतंय, किडा न्हाई.

बीएचसी १९९७ ला बंद झाली, फोरेट २०२० च्या शेवटाला. बंद झालं तवा दुकानदार म्हणला, राहिलंय थोडं, नेताय का. म्हणलं ठेव तुझ्याकडंच.

निवृत्त_किडेवाला | १३ एप्रिल, दुपारी ३:१०

वाळव्याच्या दादांनी माझं निम्मं काम केलं. उरलेलं निम्मं असं.

कोचेला व्हॅलीत पाऊस नावालाच. तिथे खजूर, द्राक्षं, लिंबूवर्गीय बागा आणि भाजीपाला उभा राहिला तो आधी विहिरींच्या आणि नंतर कालव्याने आणलेल्या पाण्यावर. रेताड जमीन, भरपूर पाणी, वर ऊन. बागेत तण माजलं की तव्यांचा कुळव फिरवायचा आणि तण हिरवंच मातीत गाडायचं, ही पद्धत. आपण ताग-धैंचा गाडतो तसंच. जमिनीला छान. पण नुकतीच उलटलेली, भुसभुशीत, ओलसर माती आणि तिच्यात कुजणारा हिरवा पाला म्हणजे या माद्यांसाठी बाळंतिणीची खोली. कुळव फिरला की त्या मातीच्या वासावर येतात, अंडी घालतात. अळ्या आत राहून कुजकं खातात. उन्हाळ्यात साधारण तीन आठवड्यांत नवं चिलट बाहेर. थंडीत तेच काम महिनोन्महिने चालतं.

त्रास इतका की १९२८ साली तिथे खास या चिलटांसाठी एक नियंत्रण जिल्हा, म्हणजे तिथली एक सरकारी यंत्रणा, स्थापन झाला. आज तो डासांसाठी ओळखला जातो, पण जन्म चिलटांमुळे. शाळकरी मुलांचे डोळे येणं ही तेव्हा तिथली मोठी तक्रार. सुरुवातीला सापळे लावले, वास येणारी आमिषं ठेवली. हाताला फार काही लागलं नाही.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरीनवाली कीटकनाशकं हातात आली आणि ताईंच्याच मनातली कल्पना तिथल्या लोकांच्याही मनात आली: अळी मातीत आहे ना, मग मातीच विषारी करा. १९५१ मध्ये जमिनीत औषध देऊन अळ्या मारायची मोहीम निघाली. ॲल्ड्रिन, डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर हे त्या काळचे खंदे गडी. जमिनीवर टाकायचं आणि कुळवाने आत मिसळायचं. ॲल्ड्रिनची गंमत अशी की मातीत गेल्यावर त्याचं हळूहळू डिल्ड्रिन होतं, आणि ते वर्षानुवर्षं जात नाही. आज आपण याला दोष म्हणतो. तेव्हा पत्रकात हाच गुण म्हणून छापत. एकदा टाका, निवांत राहा.

आणि सुरुवातीला खरंच निवांत झालं.

पण हिशेब करा. एक पिढी तीन आठवड्यांची, हंगाम वर्षातला बराचसा, आणि प्रत्येक पिढीतली प्रत्येक अळी त्याच विषात वाढणार. बाहेर पळायला जागा नाही, कारण विष जातच नाही. जी दगावली ती दगावली, जी टिकली तिची पोरं पुढच्या कुळवाच्या मातीत. ही निवडीची चाळण इतकी बारीक होती की थोड्याच वर्षांत चिलटं पचवायला शिकली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातले मीर मुल्ला यांनी १९६२ मध्ये हे छापून दाखवलं: मातीतल्या कीटकनाशकांना चिलटं दाद देत नाहीत. (आडनावावरून मी त्यांना वर्षभर मिरजेचे समजत होतो. ते जन्माने कंदहारचे.) तिन्ही औषधं कीटकाच्या शरीरात एकाच ठिकाणी मार करतात, त्यामुळे एकाला सरावलेलं चिलट बाकी दोघांनाही सरावलेलं. मग फॉस्फरसवाली औषधं आणली, पण ती मातीत फार टिकत नाहीत. टिकत नाही म्हणजे परत टाका, परत टाका म्हणजे परत खर्च.

पुढे ॲल्ड्रिन-डिल्ड्रिन अमेरिकेत १९७४ मध्ये जवळपास थांबलं. आपल्याकडे ॲल्ड्रिन १९९६ ला. न विरघळता टिकून राहणाऱ्या विषांवर बंधन घालणारा जो स्टॉकहोम करार आहे, त्याच्या पहिल्या बारा नावांत हेप्टाक्लोर धरून तिन्ही आहेत.

मुल्ला आणि त्यांच्या सोबत्यांनी मात्र एक वेगळं काम केलं, आणि माझ्या मते खरं काम तेच. त्यांनी विचारलं, हा पाळणा भरतो कोण? आणि उत्तर कुळवाकडे गेलं. जिथे माती उलटली नाही तिथून चिलटं फारच कमी निघत होती.

मातीची_लेक | १३ एप्रिल, संध्याकाळी ५:३५

काका, वाचून अंगावर काटा आला. पण यातून एकच निष्कर्ष निघतो ना? रासायनिक शेतीनेच हा प्रश्न निर्माण केला. सेंद्रिय शेतात निसर्ग स्वतःच समतोल राखतो, तिथे असला प्रश्न येतच नाही. आमच्या गटात दहा शेतकरी आहेत, एकाच्याही शेतात चिलटं नाहीत.

पक्या_सॅनडिएगो | १३ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

ताई, एक मिनिट. आमच्याच सॅन डिएगो काउंटीत पूर्वेला, मेक्सिकोच्या सीमेला चिकटून हकुम्बा नावाचं छोटं गाव आहे. २०१० च्या सुमाराला तिथल्या लोकांना याच चिलटांनी सळो की पळो करून सोडलं होतं. बाहेर बसून जेवणं बंद, मुलं घरात. आणि चिलटं येत होती गावाला लागून असलेल्या भाजीपाल्याच्या शेतातून. ते शेत सेंद्रिय होतं. प्रमाणपत्रवालं, पक्कं सेंद्रिय.

का ते काकांच्या पोस्टमध्येच आहे. तण मारायला औषध नाही, म्हणून कुळव. पीक काढलं की अवशेष गाडायचे, म्हणून पुन्हा कुळव. मातीत कुजणारा पाला भरपूर. वर मातीत रासायनिक औषधही टाकता येत नाही. विद्यापीठाचे लोक आले, शेताच्या कडेने हजारो बाटल्यांचे सापळे लागले, आमिष कसलं तर सडक्या अंड्यांचं. काउंटीने चिलटांसाठी वेगळा नियम केला. मी त्या बाजूला एकदा गेलो होतो, गाडीची काच खाली केली आणि लगेच वर केली.

मी सेंद्रियच्या विरोधात नाही, घरी तेच आणतो. पण चिलटाला प्रमाणपत्र वाचता येत नाही.

मातीची_लेक | १३ एप्रिल, रात्री ८:०५

हे मला माहीत नव्हतं. पण मग प्रश्न मशागतीचा झाला, सेंद्रियचा नाही. आमच्यातले काही जण नांगरतच नाहीत, आच्छादन करतात.

निवृत्त_किडेवाला | १३ एप्रिल, रात्री ९:१५

बरोबर. म्हणून तुमच्या दहा शेतांत नसतीलही. (तुमच्याकडे ही जातही नाही, पण मुद्दा कळला.)

अजून एक सांगायचं राहिलं. या चिलटांच्या कोषांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. रिव्हरसाइडच्याच लोकांनी १९६० च्या दशकात त्यांवर बरंच काम केलं, परदेशातून आणून सोडल्याही. पण त्या वरच्या थरातच कोष शोधतात. कुळवाने कोष खोल गाडले गेले की चिलट खालून वर येऊ शकतं, गांधीलमाशी खाली जाऊ शकत नाही. म्हणजे कुळव एका हाताने पाळणा बांधतो आणि दुसऱ्या हाताने राखणदाराला हाकलतो.

ऊसवाला_वाळवा | १३ एप्रिल, रात्री ९:४०

काका, पर आमच्यात उलटंच सांगत्यात की. उन्हाळ्यात खोल नांगरट करा, हुमणी वर येती, बगळं-कावळं खात्यात. नांगरल्यावर ट्रॅक्टरच्या मागं बगळ्यांची लाइन असती, मी सोत्ता बघितलंय. मग नांगरू का नको?

निवृत्त_किडेवाला | १३ एप्रिल, रात्री १०:००

नांगरा. हुमणीची अळी अंगठ्याएवढी, बगळ्याला दिसते. चिलटाची अळी तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, तिला कोण टिपणार? आणि तुमची नांगरट उन्हात कोरडी, यांची ओली आणि पाल्यासकट. वळवाचा पाऊस पडला की कडुलिंब-बाभळीवर रात्री हुमणीचे भुंगेरे येतात ते मात्र गोळा करा. गावाने मिळून केलं तरच उपयोग, एकट्याने केलंत तर शेजाऱ्याचे येतील.

खजूरवाडी | १४ एप्रिल, सकाळी ७:५०

काल रात्री दोनदा वाचलं सगळं. म्हणजे पावडर टाकून विषय संपत नव्हता, बाबांना तसं वाटत होतं. बाबांना फोन केला तर म्हणाले, "संपायचा कुठे, पुढच्या वर्षी परत आणायचो की." आणि मी लहानपणी त्या पोत्यावर बसून चिंचा खायचे, हेही त्यांनी हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

काका, एक विचारू? भिंतीपलीकडची बाग की त्याच्या पुढचं रान, चिलटं नक्की कुठून येतात हे घरच्या घरी कळेल का?

निवृत्त_किडेवाला | १४ एप्रिल, सकाळी ११:३०

कळेल. चिलटं चारेक मैल उडून येऊ शकतात, त्यामुळे हवेतली मोजून काही समजत नाही. जमिनीतून निघणारी मोजा. काळ्या रंगाची प्लास्टिकची बादली घ्या, तळाला भोक पाडा, भोकावर पारदर्शक बाटली उलटी चिकटवा. बादली मातीवर पालथी घाला, कडेने माती दाबून फट बुजवा. आत अंधार, वर उजेड. जे निघेल ते उजेडाकडे बाटलीत जाईल. मालकाला विचारून ठेवा.

खजूरवाडी | ४ मे, रात्री ८:४०

धागा वर काढते.

शेजारच्या बागेचे मालक सत्तरीचे आहेत, आजोबाच म्हणते मी त्यांना. बादल्या घेऊन गेले तर आधी वाटलं हाकलतील. ते म्हणाले, माझ्या वडिलांच्या वेळी जिल्ह्याचे लोक असंच काहीतरी ठेवून जायचे. स्वतः जागा दाखवली. एक बादली झाडांच्या दोन ओळींमध्ये, जिथे दीडेक आठवड्यापूर्वी कुळव फिरला होता. दुसरी झाडाच्या बुंध्याशी, जिथे ट्रॅक्टर जातच नाही, वर वाळलेल्या झावळ्यांचा चुरा होता. तिसरी पुढच्या भाजीच्या रानाच्या कडेला, मक्याचे धांडे गाडले होते तिथे.

पहिल्या आठवड्यात तिन्हीत काही नाही. मी वैतागले, बाटली तिरकी तर चिकटवली नाही ना म्हणून दोनदा सोडवून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी लेक ओरडत आली, "आई, बाटली काळी झाली!" मक्याच्या रानातली. बाटलीच्या काचेवर आतून सगळी चालत होती, एकही उडत नव्हतं. आम्ही दोघींनी बाटली फ्रीजमध्ये ठेवली, निपचित पडल्यावर पांढऱ्या कागदावर ओतून मोजली. मक्याच्या रानात एकसष्ट. ओळींमधल्या कुळवाच्या मातीत चौदा. बुंध्याशी एक, आणि ते एकही लेकीच्या मते "वेगळं होतं, मोठं होतं".

एकेका बादलीवरून काही सिद्ध होत नाही, हे माहिती आहे. पण आता मी भिंतीकडे बघून चिडत नाही, त्यापलीकडे बघून चिडते.

पक्या_सॅनडिएगो | ४ मे, रात्री ९:१०

फ्रीजमध्ये?! कुठल्या कप्प्यात?

खजूरवाडी | ४ मे, रात्री ९:१२

लोणच्याच्या शेजारी. बरणी बंद होती.

मातीची_लेक | ५ मे, सकाळी ६:४५

बादल्यांचं वाचून खूप आवडलं. पण काका, एक शंका. कुळव नको म्हणजे तण कसं काढायचं? त्या मुल्लांनी काय सांगितलं होतं?

निवृत्त_किडेवाला | ५ मे, सकाळी ९:३०

हा प्रश्न कधी येतो याची वाटच पाहत होतो. त्यांनी सांगितलं, बागांत कुळव थांबवा आणि तण तणनाशकाने मारा. म्हणजे कीटकनाशकाच्या जागी तणनाशक. त्यांच्या काळात त्यात कुणाला वावगं वाटलं नाही आणि चिलटांपुरतं त्याने कामही झालं. मला ते आजही पूर्ण पटत नाही. आता बागेत तण कापून तिथेच वाळू देणं हा मधला रस्ता आहे, खजुराला जमतो. भाजीच्या रानाला नाही, तिथे दर दोन-तीन महिन्यांनी पीक बदलतं, माती उलटावीच लागते. तिथे एवढंच करता येतं की हिरवं गाडण्याऐवजी कापून आधी वाळवायचं, आणि वस्तीच्या बाजूची पट्टी तरी चिलटांच्या हंगामात हलवायची नाही. वसंत आणि शरद, या दोन वेळा तिथे वाईट.

खजूरवाडी | ५ मे, सकाळी १०:२०

आजोबांना हे सांगितलं. म्हणाले, ओळींमधलं तण यापुढे कापेन, डिझेलही वाचेल. भाजीच्या रानाचा मालक दुसऱ्या शहरात राहतो, तिथे कामाला येणाऱ्या मुकादमाशीच बोलायचं. त्याच्याशी बोलले. त्याने शांतपणे ऐकलं. बोलताना त्याच्या डाव्या डोळ्यावर तीन चिलटं होती, तो ती हाकलतही नव्हता. म्हणाला, मालकाला सांगतो.

ऊसवाला_वाळवा | ५ मे, रात्री ८:३०

मालकाला सांगतो म्हणजे न्हाई सांगत. आमच्याकडं बी आसंच आसतंय.

खजूरवाडी | २३ मे, सकाळी ८:०५

दादा, तुमचंच खरं. आत्ता भिंतीपलीकडे, आजोबांच्या बागेच्या पुढे ट्रॅक्टर आलाय. मागे तव्यांचा कुळव, मागे धूळ, त्यात हिरवा पाला उडतोय. लेकीने कॅलेंडरवर १३ जूनला काळा ठिपका काढलाय आणि पोहण्याचा गॉगल दप्तरात टाकलाय.